नेल्सन मंडेला : समेटापूर्वीची अट

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मागे एकदा चौदा एप्रिलच्या कार्यक्रमानंतर स्टाफरूममध्ये चहा चालला होता. एक ज्येष्ठ सहकारी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, भाषण चांगले झाले, पण कडवट वाटले. मंडेलांकडे पाहा. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली आणि बाहेर येऊन साऱ्यांना माफ केले. तुम्हा लोकांना तेवढे मोठे मन कधी दाखवता येणार?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. ते मला आपला समजूनच बोलत होते, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी तेव्हा काही उत्तर दिले नाही. जे द्यायला हवे होते ते येथे मांडतो आहे.

परंतु त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. समेट हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चौथीत होतो. चुलत्याच्या लग्नाची वरात गावातल्या मुख्य रस्त्याने नेली म्हणून आमच्या वस्तीतल्या चौघांना मारहाण झाली. माझा बाप फिर्याद द्यायला निघाला. त्यानंतर दहा दिवस आम्हाला शेतावर कोणी कामाला बोलावले नाही, गिरणीत आमचे दळण घेतले नाही, दुकानात मीठ मिळाले नाही. अकराव्या दिवशी चावडीवर बैठक बसली. कागद आधीच लिहून ठेवलेला होता. बापाला अक्षरओळख नव्हती, म्हणून तो वाचून दाखवायला मला पुढे केले. आपसांत समेट झाला असून आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, असे त्यात लिहिले होते. बापाने शाईचा अंगठा उठवला. मारणाऱ्यांपैकी एकाचीही सही त्या कागदावर नव्हती. संध्याकाळी गिरणी चालू झाली.

मी पुढे शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो. मंडेलांचे चरित्र वाचू लागलो तेव्हा मी एकच गोष्ट शोधत होतो. या माणसाने ज्या कागदावर सही केली, त्यावर दुसऱ्या बाजूची सही होती काय? आणि ती सही त्याने कशी मिळवली?

प्रस्थापितांना जो मंडेला आवडतो तो १९९५ सालचा आहे. रग्बीच्या मैदानावर गोऱ्या कर्णधाराला चषक देणारा, हसतमुख, पांढऱ्या केसांचा. १९६१ साली भूमिगत राहून सशस्त्र दल उभारणारा मंडेला त्यांच्या स्मरणात नाही. १९७६ आणि १९८५ साली सुटकेची संधी नाकारणारा मंडेलाही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिली गोष्ट कोणती करावी? तारखांचा क्रम लावावा. मंडेलांच्या बाबतीत तो क्रम लावला की अर्धे उत्तर आपोआप मिळते.

मंडेलांच्या आधीही दक्षिण आफ्रिकेत एक समेट झाला होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १८९९ ते १९०२ या काळात तिथे इंग्रज आणि बोअर या दोन गोऱ्या समाजांत युद्ध झाले. इंग्रजांनी बोअरांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले, त्यांत हजारो माणसे मेली. त्याहून कडू वैर काय असावे! पण ३१ मे १९०२ रोजी फेरीनिखिंगचा तह झाला आणि आठ वर्षांच्या आत, १९१० साली, या दोन्ही वैऱ्यांनी मिळून एक राज्य स्थापन केले. हा समेट कशाच्या बळावर झाला? तहातच एक कलम होते की, काळ्या लोकांना मताधिकार द्यावा की नाही हा प्रश्न गोऱ्यांना स्वराज्य मिळेपर्यंत विचारात घ्यायचा नाही. म्हणजे काळ्यांचा प्रश्न बाजूला ठेवला आणि गोऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. नव्या संसदेत फक्त गोऱ्यांनाच बसता येणार होते. तीन वर्षांत, १९१३ साली, जमिनीचा कायदा आला. देशातली सुमारे सात टक्के जमीन काळ्यांसाठी राखून बाकीच्या जमिनीवर त्यांना खरेदीचा हक्क उरला नाही. १९३६ साली हा आकडा तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्यात आला. लोकसंख्येत बहुसंख्य काळे, आणि जमीन एवढी!

हा पहिला समेट समजून घेतल्याशिवाय मंडेलांचा समेट समजत नाही. दोघांचे भांडण मिटवण्यासाठी तिसऱ्याचा हक्क गहाण टाकायचा, ही जगभरच्या सत्ताधाऱ्यांची जुनी रीत आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या गोऱ्यांनी १८७७ साली असेच जुळवून घेतले आणि मुक्त झालेला काळा माणूस पुन्हा मळेवाल्यांच्या हवाली झाला. म्हणून कोणी समेट हा शब्द उच्चारला की आपण पहिला प्रश्न हाच विचारावा : कोणाचा कोणाशी, आणि कोणाच्या खर्चाने?

मंडेलांचा जन्म १८ जुलै १९१८ रोजी ट्रान्सकाईतल्या म्वेझो या खेड्यात झाला. घरचे नाव रोलिह्लाह्ला. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नेल्सन हे नाव ठेवले. नावापासूनच परक्याची मोहोर उमटायला सुरुवात होते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. मात्र येथे एक भेदही नोंदला पाहिजे. मंडेला थेंबू राजघराण्याच्या नात्यातले होते, त्यांच्या बालपणात मान होता. अपमानाची शाळा सुरू झाली ती १९४१ साली जोहान्सबर्गला आल्यावर. १९४४ साली त्यांनी वॉल्टर सिसुलू, ऑलिव्हर टांबो, अँटन लेंबेडे यांच्याबरोबर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची युवक शाखा काढली. १९५२ साली टांबोंबरोबर वकिली कार्यालय उघडले. दारात रांग असे ती पासशिवाय सापडलेल्यांची, जमिनीवरून हुसकलेल्यांची, गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून शिरल्याचा गुन्हा केलेल्यांची.

१९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेदाला राज्यशास्त्राचे रूप मिळाले. १९४९ साली मिश्रविवाहबंदी झाली. १९५० साली प्रत्येक माणसाची वर्णवार नोंदणी आणि वर्णवार वस्त्या आल्या. १९५३ साली काळ्यांसाठी वेगळे आणि हलके शिक्षण आले. या कायद्यांची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुले एकमेकांकडे पाहतात. त्यांना यातले काहीच नवे वाटत नाही. गावाबाहेरची वस्ती, बेटीबंदी, शिक्षणबंदी हे सारे आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकाशिवाय चालत आले होते. तिथे ते सरकारी राजपत्रात छापले गेले एवढाच फरक.

आणखी एक साम्य आहे. ते रॉबेन बेटाच्या तुरुंगात दिसते. १२ जून १९६४ रोजी रिव्होनिया खटल्यात मंडेला आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांना जन्मठेप झाली. त्यांतले डेनिस गोल्डबर्ग गोरे होते, म्हणून त्यांना बेटावर न पाठवता प्रिटोरियाच्या तुरुंगात ठेवले. एकाच गुन्ह्याची एकच शिक्षा, पण तुरुंग वर्णाप्रमाणे! अहमद कथ्राडा भारतीय वंशाचे होते. त्यांना बेटावर पाठवले, पण लांब विजार दिली. मंडेला, सिसुलू यांना शाळकरी पोरांसारखी अर्धी विजार. कथ्राडांच्या वाट्याला पाव होता, काळ्यांच्या वाट्याला नव्हता. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे बळ कशात आहे? वरच्याने खालच्याला तुडवण्यात तर आहेच, पण मधल्याला खालच्यापेक्षा एक पाव जास्त देण्यात अधिक आहे. मंडेला आणि त्यांचे साथी या वाटणीविरुद्ध वर्षानुवर्षे तुरुंगात भांडले. सर्वांना सारखे कपडे, सारखे अन्न मिळावे ही त्यांची मागणी होती. १९८३ साली गोऱ्या सरकारने हाच खेळ संसदेत केला. गोऱ्यांचे एक सभागृह, मिश्रवर्णीयांचे दुसरे, भारतीयांचे तिसरे. काळ्यांना काहीच नाही. तो पाव भारतीय आणि मिश्रवर्णीय समाजातल्या बहुसंख्यांनी नाकारला, १९८४ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. हे त्या समाजांच्या इतिहासातले उजळ पान आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मंडेलांचे मन मोठे होते यात शंका नाही. वर्णाच्या पलीकडचे राष्ट्र ही त्यांची कल्पना तुरुंगातून सुटल्यावर सुचलेली नव्हती. देश तिथे राहणाऱ्या काळ्यागोऱ्या साऱ्यांचा आहे, ही घोषणा २६ जून १९५५ रोजी क्लिपटाउनच्या मैदानात मंजूर झालेल्या स्वातंत्र्याच्या सनदेत होती. २० एप्रिल १९६४ रोजी, फाशीची टांगती तलवार डोक्यावर असताना, मंडेलांनी न्यायालयात सांगितले की, आपण गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध लढलो आणि काळ्यांच्या वर्चस्वाविरुद्धही. तेव्हा ध्येय पहिल्यापासून स्पष्ट होते. पण ध्येय म्हणून साऱ्यांना जागा असणे वेगळे आणि वैऱ्याला क्षमा करून मोकळे होणे वेगळे. क्षमा त्यांनी कधी केली आणि त्याआधी काय काय नाकारले, ते पाहिले पाहिजे.

शार्पव्हिलला २१ मार्च १९६० रोजी पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसे मेली. त्यानंतर संघटनांवर बंदी आली. अहिंसक चळवळीचे सारे रस्ते बंद झाल्यावर १६ डिसेंबर १९६१ रोजी सशस्त्र दलाने पहिले स्फोट केले. १९७६ साली सरकारने मंडेलांना कळवले की, ट्रान्सकाई या नामधारी स्वतंत्र राज्याला मान्यता द्या आणि तिथे जाऊन राहा, सुटका करतो. मंडेलांनी नकार दिला. 'तुमच्या गावी सुखाने राहा, आमच्या शहरात हक्क मागू नका' याचाच तो सरकारी तर्जुमा होता.

त्याच साली १६ जूनला सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली. आफ्रिकान्स या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकण्याची सक्ती त्यांना नको होती. पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांत बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. या पिढीला आत्मभान दिले ते स्टीव्ह बिको यांनी. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली दक्षिण आफ्रिकेत बिकोंच्या विचाराची ब्लॅक पीपल्स कन्व्हेन्शन स्थापन झाली. काळा म्हणजे केवळ कातडीचा रंग नव्हे, जो जो दडपला गेला तो काळा, अशी बिकोंची व्याख्या होती. दलित या शब्दाची पँथरने केलेली व्यापक व्याख्या ज्यांना माहीत आहे, त्यांना हे नाते सांगावे लागणार नाही. बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या मारहाणीने मरण पावले. मंडेलांची क्षमा मोजताना ही मुले आणि हा तरुण मध्ये उभे आहेत हे विसरता कामा नये.

मग १९८५ साल आले. ३१ जानेवारीला अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी संसदेत जाहीर केले की, मंडेलांनी राजकीय साधन म्हणून हिंसाचाराचा बिनशर्त त्याग केला तर त्यांना सोडू. तुरुंगातले तेविसावे वर्ष चालू होते. मंडेलांचे उत्तर १० फेब्रुवारीला सोवेटोच्या जबुलानी मैदानात त्यांची मुलगी झिंझी हिने वाचून दाखवले. त्याचा आशय असा होता : हिंसा आधी बोथांनी सोडावी. ज्या देशात मला पासशिवाय फिरता येत नाही, तिथे माझ्या सुटकेला काय अर्थ? वाटाघाटी मोकळी माणसे करतात, कैद्याला करार करता येत नाही.

वाचक मित्रहो, मला या उत्तरात सारे काही सापडले. मंडेलांच्या समेटाचे हे पहिले कलम आहे. समेट ही बरोबरीच्या माणसांतली गोष्ट आहे. एकाच्या हातात गिरणीची किल्ली आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दळणाची पाटी, अशा दोघांत जे होते त्याला शरणागती म्हणतात. माझ्या बापाने अंगठा उठवला तेव्हा तो मोकळा माणूस नव्हता. आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात सही करताना बाबासाहेब तरी किती मोकळे होते? गांधीजींचा प्राण गेला तर खेड्यापाड्यांतल्या निराधार अस्पृश्यांवर काय ओढवेल, याचा विचार त्यांना करावा लागला होता.

मंडेलांनी बोलणी नाकारली असे मात्र नाही. उलट तुरुंगातून त्यांनीच ती सुरू केली, सहकाऱ्यांचा रोषही पत्करला. तुरुंगात त्यांनी आफ्रिकान्स भाषा शिकून घेतली, बोअरांचा इतिहास वाचला. ज्याच्याशी लढायचे त्याचे भय कशात आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मार्च १९८९ मध्ये बोथांना दिलेल्या टिपणात त्यांनी दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या : एकसंध राज्यात बहुमताचे शासन ही काळ्यांची मागणी, आणि त्या शासनाविषयी गोऱ्यांना वाटणारी भीती. या दोहोंची सांगड घालायची, हे त्यांच्या लेखी समेटाचे काम होते. मागणी सोडून देऊन भीती घालवण्याची गोष्ट त्यात कोठेच नव्हती.

गोरे सरकार बोलणीला आले ते त्याच्या अंतःकरणात पालट झाला म्हणून आले काय? १९८३ पासून युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटने वस्तीवस्तीत लढा पेटवला होता. १९८५ साली कामगार संघटनांचा मोठा महासंघ उभा राहिला. त्याच साली परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंध लादले. अंगोलाच्या युद्धात सैन्य अडकले. राज्य चालवणे महाग झाले, तेव्हा राज्यकर्ते टेबलापाशी आले. सद्‌भावना जन्माला येते, पण ती बहुधा अशा कळा सोसल्यावर येते.

११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्या संध्याकाळी केपटाउनमध्ये त्यांनी काय सांगितले? सशस्त्र लढ्याची कारणे अजून संपलेली नाहीत, आणि जगाने निर्बंध उठवू नयेत. सुटकेच्या पहिल्या दिवसाचे हे भाषण क्षमेचे भाषण नव्हते. सशस्त्र लढा तहकूब झाला तो ६ ऑगस्टला, बोलणीत पावले पडल्यावर. डिसेंबर १९९१ मध्ये घटनेसाठी सर्वपक्षीय परिषद सुरू झाली. अल्पसंख्य गोऱ्यांना बहुमतावर कायमचा नकाराधिकार हवा होता, तो काँग्रेसने मान्य केला नाही. १७ जून १९९२ रोजी बोइपाटोंग वस्तीत चाळीसहून अधिक माणसांची कत्तल झाली तेव्हा मंडेला बोलणीतून उठून गेले. लाखो कामगारांनी संप केला. सप्टेंबरात सरकारने लेखी समझोता केला, मग बोलणी पुन्हा सुरू झाली.

१० एप्रिल १९९३ रोजी ख्रिस हानी यांचा खून झाला. तरुण काळ्यांत मंडेलांच्या खालोखाल लोकप्रिय असलेला हा नेता स्वतःच्या घराच्या दारात मारला गेला. मारेकरी पोलंडहून आलेला गोरा होता. शेजारच्या एका आफ्रिकानेर बाईने मोटारीचा नंबर टिपला म्हणून तो पकडला गेला. देश पेटण्याच्या बेतात होता. दूरचित्रवाणीवरून मंडेलांनी देशाला शांततेचे आवाहन केले आणि त्या बाईचा आवर्जून उल्लेख केला. खुनी गोरा होता आणि खुन्याला पकडून देणारीही गोरीच होती, हे त्यांनी संतापलेल्या लोकांपुढे ठेवले. माझ्या मते त्यांच्या मोठेपणाचा हा सर्वांत कठीण क्षण आहे. पण याच क्षणाचा दाब वापरून काँग्रेसने निवडणुकीची तारीख मागितली, आणि काही आठवड्यांतच २७ एप्रिल १९९४ ही तारीख ठरली. राग गिळायला सांगितला तो तारखेच्या बदल्यात!

त्या निवडणुकीत काँग्रेसला ६२.६५ टक्के मते आणि ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. रग्बीचे मैदान, वर्णभेदाचे शिल्पकार फेरवुर्ट यांच्या वृद्ध विधवेकडचा चहा, रिव्होनियातल्या सरकारी वकिलाला दिलेले जेवण, या साऱ्या प्रसिद्ध गोष्टी १९९५ सालच्या आहेत. म्हणजे मत हातात आल्यानंतरच्या. माझ्या सहकाऱ्याने ज्या माफीचा दाखला दिला, तिची तारीख ही आहे.

दुसरे कलम सत्याचे. १९९५ साली कायदा करून सत्य आणि समेट आयोग नेमला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते. १५ एप्रिल १९९६ पासून जाहीर सुनावण्या झाल्या. एकवीस हजारांहून अधिक पीडितांनी जबान्या दिल्या. आयांनी, विधवांनी भर सभागृहात विचारले की, आमच्या माणसाला कोठे पुरले ते तरी सांगा. माफीसाठी ७,११२ अर्ज आले, त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. माफीची अट काय होती? केलेले कृत्य राजकीय हेतूने केले हे दाखवायचे आणि सारे सत्य उघड सांगायचे. पश्चात्तापाची सक्ती नव्हती, पण सत्याची होती. आणि माफीचा अर्ज मारणाऱ्याने करायचा होता! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आमच्या चावडीवरच्या कागदाची अट नेमकी उलट होती. तिथे अर्ज मार खाणाऱ्याचा होता आणि अट गप्प बसण्याची होती.

तरीही आयोगावरचे आक्षेप लपवू नयेत. बिकोंच्या कुटुंबाने माफीच्या तरतुदीला घटना न्यायालयात आव्हान दिले. आम्हाला न्याय हवा, तुमचा समेट नको, अशी त्यांची भूमिका होती. १९९६ साली ते हरले. बिकोंच्या मारेकऱ्यांना माफी मिळाली नाही, पण शिक्षाही झाली नाही. बोथा आयोगापुढे आलेच नाहीत. महमूद ममदानी यांनी आणखी खोल बोट ठेवले. आयोगाने गोळ्या आणि छळ मोजला, पण पासचा कायदा, जमिनीवरून हुसकून लावणे हे रोजचे अत्याचार मोजले नाहीत. १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख माणसांना घरादारातून उठवले गेले. त्यांच्यासाठी माफीचा अर्ज कोणीच केला नाही. आयोगाने शिफारस केलेली भरपाईही पुरती मिळाली नाही, २००३ साली पीडितांना एकरकमी तीस हजार रँड देऊन विषय मिटवला गेला.

येथे तिसरे कलम यायला हवे होते, जमिनीचे आणि संपत्तीचे. ते अपुरे राहिले. बोलणीत गोऱ्या नोकरशहांच्या नोकऱ्यांना हमी मिळाली, मालमत्तेच्या हक्काला घटनेत संरक्षण मिळाले. पाच वर्षांत तीस टक्के शेतजमीन काळ्यांकडे आणण्याचा वायदा होता, तो लांबत गेला. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तिगत मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या नावे निघाली. २०२२ साली जागतिक बँकेने दक्षिण आफ्रिकेला जगातला सर्वांत विषम देश म्हटले. तिथले तरुण विचारू लागले की, मंडेलांनी आम्हाला विकले काय?

मी तसे म्हणणार नाही. १९९३ साली सैन्य, पोलीस, बँका, खाणी गोऱ्यांच्या हातात होत्या. यादवी युद्ध दारात होते. त्या परिस्थितीत त्यांनी जे मिळवले ते थोडे नव्हते. १० डिसेंबर १९९६ रोजी नव्या घटनेवर त्यांनी सही केली ती मुद्दाम शार्पव्हिलला जाऊन. त्या घटनेत वंचितांसाठी विशेष उपायांना जागा आहे. एकच कारकीर्द करून १९९९ साली ते पायउतारही झाले. सत्ता सोडणे हाही लोकशाहीचा धडाच होता. पण समेटाची किंमत कोणी दिली, असे विचारले तर उत्तर स्पष्ट आहे. काळ्यांनी क्षमा रोख दिली, गोऱ्यांनी जमीन उधारीवर ठेवली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी दिलेला इशारा आठवतो. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, आणि ती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक हा डोलारा उद्ध्वस्त करतील. दिल्लीत उच्चारलेले हे शब्द जोहान्सबर्गलाही लागू पडले.

मंडेलांचा मार्ग जसाच्या तसा आपल्याला घेता येईल असे मला वाटत नाही. तिथे काळे बहुसंख्य आहेत. मत मिळाले आणि सत्ता आली. आपण २०११ च्या जनगणनेत देशात १६.६ टक्के आहोत. आपले मत दर निवडणुकीला मोजले जाते, पण आपली सत्ता येत नाही. म्हणून आपल्याला कायदा, घटना आणि इतर शोषितांशी मैत्री यांचा आधार अधिक घट्ट धरावा लागतो. आणखी एक फरक आहे. वर्णभेद जगाने गुन्हा मानला. २००१ साली वंशभेदविरोधी जागतिक परिषद दरबानला, म्हणजे मंडेलांच्याच देशात भरली. दलित कार्यकर्ते तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेले. भारत सरकारने त्याला विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतला भेदभाव संयुक्त राष्ट्रांत मांडणारा देश हाच! तेव्हा दक्षिण आफ्रिका म्हणत होती की, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

तर माझ्या सहकाऱ्याला मी आता काय उत्तर देईन? सर, मंडेलांचे मोठे मन आम्हालाही हवे आहे. पण त्यांचा क्रमही हवा. आधी मोकळेपण, मग बरोबरीची बैठक, मग सत्य, मग क्षमा. आणि त्यांच्याकडून जे राहिले तेही सोडता येणार नाही, जमिनीचा आणि भाकरीचा हिशेब. यातल्या पहिल्या तीन पायऱ्या गाळून चौथी मागणे याला समेट म्हणत नाहीत.

बाप आता थकला आहे. मागच्या दिवाळीत मी त्याला रॉबेन बेटाची, अर्ध्या विजारीची आणि त्या अर्जांची हकिकत सांगितली. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग एवढेच विचारले, "अर्ज त्यांनी केला? मारणाऱ्यांनी?" मी म्हटले, "हो बाबा." तो म्हणाला, "मंग ते मिटलं आसंल. आपलं काय मिटलेलं न्हाई."